सावरडोचे खमीर : निरोगी की रोगट, हे ओळखावे कसे?

२०२० सालच्या टाळेबंदीत अनेक घरांच्या ओट्यावर एक काचेची बरणी येऊन बसली. बाजारात यीस्टची पाकिटे मिळेनाशी झाली होती, हाताशी वेळ होता, आणि पीठ, पाणी व मीठ एवढ्यावरच होणारा पाव घरी करून पाहण्याची हौस जगभर पसरली होती. मुंबई-पुण्यातही ती पोचली. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील अशा पाच-सहा बरण्यांपैकी बहुतेक दुसरा आठवडा उलटण्याआधीच मोरीत रिकाम्या झाल्या. ‘पहिले दोन-तीन दिवस छान फुगले आणि मग मेले,’ असेच प्रत्येकाचे म्हणणे होते. त्यातले एकही बहुधा मेलेले नव्हते. ज्या दिवशी ते टाकून दिले गेले, त्याच सुमारास त्यात हवे ते जीव नुकते कुठे मूळ धरू लागले होते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. बुडबुडे दिसले की खमीर तयार झाले असे समजून पाव करायला घेतला जातो आणि ओव्हनमधून विटेसारखा गोळा बाहेर येतो. अर्धा किलो पीठ, एक पूर्ण दिवस आणि करणाऱ्याची उमेद असे तिन्ही त्यात खर्ची पडते. या दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. खमिराची प्रकृती आपण एका नजरेत ओळखू पाहतो. ती मात्र एका नजरेत ओळखता येत नाही.

दह्याच्या विरजणाची पारख आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. रात्री दुधाला लावले आणि सकाळी कवडीसारखे दही लागले तर विरजण उत्तम. तार आली किंवा नुसतेच पाणी सुटले तर शेजारून नवे आणायचे. एका रात्रीत निकाल लागतो. सावरडोच्या खमिराला हा न्याय लावता येत नाही, कारण तेथे नांदणारी मंडळी वेगळी असतात, त्यांना घर बसवायला दिवस लागतात आणि शेजारीही सहसा खमीर नसते.

खमीर म्हणजे नेमके काय?

सावरडो या इंग्रजी शब्दाचा अर्थ आंबट कणीक. पिठात पाण्याखेरीज काहीही न घालता, मुख्यतः पिठाबरोबरच आलेले सूक्ष्मजीव वाढू द्यायचे आणि अशा आंबलेल्या पिठाचा थोडा भाग नव्या पिठात मिसळून पाव फुगवायचा, ही त्याची रीत. त्या आंबलेल्या पिठाला स्टार्टर म्हणतात. या लेखात त्याला खमीर म्हटले आहे. रीत फार जुनी आहे. आदल्या दिवशीच्या कणकेतला थोडा भाग राखून त्यावर दुसऱ्या दिवशीचा पाव फुगवण्याची चाल इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने नोंदवून ठेवली आहे. गॉल आणि आयबेरियातील लोक त्याऐवजी बिअरचा फेस वापरतात, असेही तो सांगतो.

खमिरात दोन प्रकारचे जीव नांदतात. रानटी यीस्ट वायू सोडते आणि त्याने पीठ फुगते. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पिठाला आंबटपणा आणतात. या दोघांचा संसार कसा चालतो हे १९७१ मध्ये स्पष्ट होऊ लागले. कॅलिफोर्नियातील ऑल्बनी येथे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत सुगिहारा, क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सान फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावातील यीस्ट आणि जिवाणू वेगळे करून दाखवले. पिठातील माल्टोज ही साखर तेथील यीस्टला पचत नाही, ती त्या जिवाणूचे आवडते खाद्य आहे. म्हणजे एका पंक्तीला बसूनही दोघांत ताटावरून भांडण नाही. शिवाय जिवाणूने सोडलेले आम्ल त्या यीस्टला सोसते, पण आगंतुक जीवांना सोसत नाही. त्या जिवाणूला शास्त्रज्ञांनी सान फ्रान्सिस्को शहराचेच नाव दिले. पुढे तो इतर अनेक देशांच्या खमिरांतही सापडला, हा भाग वेगळा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील ५०० घरगुती व व्यावसायिक खमिरे तपासली गेली. खमीर कोणत्या गावचे आहे यावरून त्यात कोणते जीव असतील हे फारसे सांगता येत नाही, असे त्यात आढळले. शंभर वर्षांच्या खमिराची बढाई मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

तेव्हा निरोगी खमीर म्हणजे ज्यात हे दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत आणि तिसऱ्याला शिरकाव नाही असे खमीर. नुसते फुगणारे ते निरोगी नव्हे, नुसते आंबट तेही नव्हे.

गोव्यातील पोदेरांनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला होता. पाव फुगवण्यासाठी ते माडाची सूर वापरत. सुरेत यीस्टही असते आणि आम्ल करणारे जिवाणूही. पण सूर रोज झाडावरून ताजी उतरत असल्यामुळे बरणी जपण्याचा, तिला खाऊ घालण्याचा आणि तिची नाडी पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. सूर काढणारे रेंदेर कमी होत गेले तसे गोव्यातील बहुतेक भट्ट्यांत बाजारचे यीस्ट आले. ज्यांच्या दारात माड नाही त्यांना बरणीची उस्तवार करणे प्राप्त आहे.

पहिले दहा दिवस निदान करू नये

समजा, ५० ग्रॅम गव्हाचे पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवून बरणी ठेवली. पहिल्या दिवशी काही घडत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ते एकाएकी दुप्पट-तिप्पट फुगते, कधी झाकण उचलून बाहेरही येते. घरात आनंदीआनंद होतो. वास मात्र विचित्र असतो. ओल्या मोज्यांसारखा, कुजक्या भाजीसारखा. हे फुगणे यीस्टचे नसतेच. पिठात आलेल्या नाना जिवाणूंना पाणी मिळताच ते उसळतात, त्यांत ल्युकोनोस्टॉक कुळातील जिवाणू बरेचदा आघाडीवर असतात. हे कुळ आपल्याला परके नाही. इडलीचे पीठ एका रात्रीत फुगते त्यातही मोठा वाटा याच कुळाचा असतो. पण इडली दुसऱ्या दिवशी खाऊन संपते. खमिराला पुढे जायचे असते.

हे जिवाणू आम्ल करतात आणि त्याच आम्लात स्वतः मागे पडतात. म्हणून चौथ्या दिवसाच्या आसपास बरणी एकदम शांत होते. वर पाणी, खाली लापशी, बुडबुड्यांचा पत्ता नाही. ‘मेले’ असा निकाल दिला जातो तो याच घडीला. वास्तविक पीठ आता पुरेसे आंबट झालेले असते, आणि ज्यांना आंबट पाण्यातच घर करता येते ते जिवाणू व यीस्ट याच काळात वाढू लागतात. दोन-चार दिवसांनी बारीक बुडबुडे परत येतात, वास निवळून दह्याकडे किंवा पिकल्या फळाकडे झुकतो, आणि मग फुगणे नियमित होते. डेब्रा विंक या अमेरिकी सूक्ष्मजीवतज्ज्ञ महिलेने या पहिल्या उसळीचे कोडे उलगडून तिला टाळण्याचा एक सोपा उपाय सुचवला : सुरुवातीचे दोन-तीन दिवस पाण्याऐवजी अननसाचा रस घालावा. रसाच्या आंबटपणामुळे पहिल्या उपद्व्यापी मंडळींना फारसा वाव राहत नाही. लिंबाचे चार थेंब घालूनही हाच हेतू बऱ्याच अंशी साधतो.

तात्पर्य एवढेच की दहाव्या दिवसापूर्वी खमिराविषयी चांगले किंवा वाईट, कोणतेच मत बनवू नये. थंडी असेल तर दोन आठवडे थांबावे. या काळात ते चाखूनही पाहू नये. कच्च्या पिठात रोगकारक जिवाणू असू शकतात आणि त्यांना आवर घालणारे आम्ल सुरुवातीला पुरेसे झालेले नसते.

घड्याळ आणि रबरबँड

दहा दिवसांनंतर परीक्षा घ्यायची ती अशी. उभट, सरळ बाजूंची काचेची बरणी घ्यावी. तीत ३० ग्रॅम खमीर, ३० ग्रॅम पाणी, ३० ग्रॅम पीठ घालून नीट कालवावे. वजन काट्यावरच करावे, वाटीने नव्हे. एक वाटी पीठ एक वाटी पाण्याच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण वजनाचे भरते आणि मग खमीर पातळ होते. पिठाच्या पातळीवर बरणीला बाहेरून रबरबँड लावावा आणि वेळ लिहून ठेवावी. मग दर तासाने पाहावे.

निरोगी खमीर २५ ते २७ अंश सेल्सियसच्या सुमारास चार ते आठ तासांत दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. चढत असताना त्याचा माथा घुमटासारखा फुगीर दिसतो. शिखरावर पोचल्यावर माथा सपाट होतो, काही वेळ तसाच राहतो, आणि मग मध्यभागी खचून खमीर उतरू लागते. उतरताना काचेवर पिठाच्या रेघा मागे राहतात. रात्रभरात ते चढून उतरले असेल आणि सकाळी तळाशी दिसले, तर या रेघाच साक्ष देतात. त्या न पाहता ‘फुगलेच नाही’ असे म्हणणारे अनेकजण भेटतात.

पण या मोजणीतील खरी गोम उंचीत नाही, पुनरावृत्तीत आहे. आज पाच तासांत दुप्पट झाले, उद्याही साडेपाच तासांत झाले, परवाही तसेच. सलग तीन-चार दिवस त्याच पिठाला, त्याच प्रमाणात, त्याच तापमानाला ते तेवढाच वेळ घेते, तर ते निरोगी आहे असे निःशंक म्हणावे. एक दिवस तिप्पट आणि दुसऱ्या दिवशी ढिम्म, हे लक्षण चांगले नव्हे. पहिल्या आठवड्यातली ती फसवी उसळी या कसोटीला कधीच उतरत नाही, कारण ती एकदाच येते.

दुप्पट हा आकडाही सर्वत्र सारखा लागू करू नये. मैद्याचे खमीर चिकट आणि लवचीक असल्यामुळे वायू धरून ठेवते आणि उंच चढते. आपल्या चक्कीवरच्या कणकेत कोंडा असतो. तो ते जाळे तोडतो, त्यामुळे पूर्ण कणकेचे खमीर दीडपटीवर थांबले तरी ते अशक्त ठरत नाही. दुसरीकडे कोंड्याबरोबर सूक्ष्मजीव आणि क्षारही येतात, आणि चक्कीच्या दगडांत पिठाचा स्टार्च अधिक भरडला गेल्यामुळे त्यातून साखर लवकर सुटते. म्हणून कणकेचे खमीर धावते वेगाने, पण भूकही त्याला लवकर लागते. नवे खमीर सुरू करायला गिरणीतून ताजे दळून आणलेल्या गव्हासारखे पीठ नाही; पुढे रोजच्या खाण्याला निम्मी कणीक, निम्मा मैदा ही जोडी मला सोयीची वाटते.

पातळपणाचेही तसेच. पाणी जास्त झाले की वायू बुडबुड्यांतून वर येऊन निघून जातो आणि पातळी हलत नाही. वर फेस भरपूर, पण चढ शून्य, असे दिसले तर खमिराला दोष देण्याआधी पुढच्या खेपेला पाणी पाव हिश्शाने कमी करून पाहावे. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून गार करून वापरावे किंवा रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे.

पाण्यावर तरंगवून पाहण्याची चाचणी फार लोकप्रिय आहे. खमिराचा चमचाभर गोळा पाण्यात सोडायचा, तरंगला तर तयार, बुडाला तर कच्चे. ती मला भरवशाची वाटत नाही. त्या क्षणी पिठात वायू किती अडकला आहे एवढेच ती सांगते. कणकेचे उत्तम खमीर पुष्कळदा बुडते, काढताना चमच्याने ढवळले गेले तर कोणतेही बुडते, आणि तिसऱ्या दिवशीचे ते दुर्गंधी पीठ मात्र ऐटीत तरंगते.

नाकाची साक्ष

वास हा दुसरा साक्षीदार. तो एकटा पुरेसा नाही, पण घड्याळाच्या जोडीला फार उपयोगी आहे. नुकत्याच खाऊ घातलेल्या खमिराला ओल्या पिठाचा वास येतो. शिखरावर असताना दही, ताक, पिकले केळे किंवा किंचित मद्य यांची आठवण होते. शिखर ओलांडून बराच वेळ गेला की तो व्हिनेगरकडे जातो. व्हिनेगरचा वास म्हणजे खमीर बिघडले असे नव्हे. २०२१ च्या त्या अभ्यासात सुमारे ३० टक्के खमिरांत व्हिनेगरचे आम्ल करणारे जिवाणू आढळले होते. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा झणझणीत वास आला तर ती भुकेची हाक समजावी. एक-दोन वेळा भरपूर पीठ-पाणी मिळाले की तो जातो. कुजल्याचा, मळमळणारा वास दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल तर मात्र त्या बरणीच्या नादी लागू नये.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या आणाव्यात. पीठ-पाणी नुकते कालवलेले असताना पीएच ६ च्या आसपास असतो, पिकलेल्या खमिराचा ४ किंवा त्याहून किंचित खाली. अन्नसुरक्षेच्या शास्त्रात ४.६ ही महत्त्वाची सीमा मानली जाते. तिच्या खाली रोगकारक जिवाणूंपैकी बहुतेकांचा जोर ओसरतो. जे खमीर बारा तासांतही ४.६ च्या खाली उतरत नाही, ते अजून बाळ आहे असे समजावे.

उन्हाळा हाच खरा शत्रू

या विषयावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. बरणी उबदार जागी ठेवा, दिवा लावून ओव्हनमध्ये ठेवा, असे ती सांगतात. तो सल्ला जसाच्या तसा पाळणाऱ्या नागपूर-अकोल्याच्या गृहिणीची मे महिन्यात फसगत ठरलेली. मायकेल गँझले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार सान फ्रान्सिस्कोच्या पावातील जिवाणू ३२-३३ अंशांना सर्वांत वेगाने वाढतात, तर त्यांचे जोडीदार यीस्ट २७ अंशांच्या सुमारास. ३५-३६ अंशांपुढे त्या यीस्टची वाढ खुंटते. म्हणजे स्वयंपाकघराचा पारा चढत गेला की आम्ल करणारा पक्ष जोरात आणि वायू करणारा पक्ष लंगडा, अशी स्थिती होते. मुंबई-कोकणच्या ३०-३२ अंशांत यीस्ट तग धरते, पण सारेच काम इतक्या झपाट्याने उरकते की तीन-चार तासांत शिखर येऊन जाते आणि उरलेला दिवस खमीर आपल्याच आम्लात उपाशी बसते.

अशा खमिराचे दुखणे ओळखणे अवघड नाही, पण ते फारसे कोणी ओळखत नाही, कारण बुडबुडे तर दिसत असतात. खाऊ घातल्यावर ते थोडे चढते, लगेच बसते. पाणी न वाढवताही ते पातळ आणि तारेदार होते, कारण आम्ल व पिठातील विकरे मिळून ग्लुटेनचे जाळे सोडवून टाकतात. वास तिखट येतो. त्याने मळलेली कणीक सुरुवातीला चांगली लागते, मग दोन-तीन तासांत हाताला चिकटू लागते, ओढली की फाटते, आणि पाव पसरट होतो. ‘खमीर जोरदार आहे, पीठच वाईट,’ असा निष्कर्ष काढून पिठाचा ब्रँड बदलणारे पाहिले आहेत. पिठाचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

उपाय साधा आहे. जुने खमीर थोडे आणि नवे पीठ पुष्कळ घालावे. १० ग्रॅम खमीर, ५० ग्रॅम पाणी, ५० ग्रॅम पीठ, असे एकास पाच-पाच प्रमाण ठेवले तर साचलेले आम्ल पातळ होते आणि यीस्टला उसंत मिळते. कडक उन्हाळ्यात एकास आठ-आठही चालते. पाणी माठातले घ्यावे. खमीर घट्ट, पोळीच्या कणकेसारखे ठेवले तर त्याची धाव मंदावते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बरणीला ओले फडके गुंडाळून ती पाण्याच्या परातीत ठेवली तरी दोन-चार अंशांचा फरक पडतो. कोकणच्या दमट हवेत या युक्तीचा फारसा उपयोग नाही. अशा दोन-तीन खेपांनंतर शिखराची वेळ लांबू लागली आणि घुमट परत आला, की दुखणे बरे झाले.

हिवाळ्याविषयी फार लिहावे लागत नाही. नाशिकला डिसेंबरात जे खमीर बारा तास घेते, ते आजारी नसते, गारठलेले असते.

केव्हा टाकावे, केव्हा टाकू नये

वर साचणारे करडे किंवा काळसर पाणी पाहून सर्वांत जास्त बरण्या रिकाम्या होतात. हे पाणी म्हणजे पिठातून वेगळे झालेले, थोडे मद्य असलेले द्रव आहे. त्याला इंग्रजीत हूच म्हणतात. अलास्कातील एका आदिवासी वस्तीच्या नावावरून तेथील गावठी दारूला हे नाव पडले आणि १८९६ नंतरच्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात ते सर्वदूर गेले. खमीर जवळ बाळगणाऱ्या तेथल्या मुरलेल्या लोकांना तर ‘सावरडो’ असेच म्हणत. या पाण्याचा अर्थ एवढाच : जेवणाची वेळ टळून गेली आहे. ते ओतून द्यावे किंवा ढवळून टाकावे आणि पीठ घालावे. रोज वेळेवर खाऊ घालूनही ते दिसत असेल तर एका खेपेला दिलेले पीठ पुरत नाही असे समजून प्रमाण वाढवावे.

पांढरा, सुरकुतलेला, चपटा पापुद्रा हाही घातक नाही. लोणच्याच्या किंवा ताकाच्या भांड्यावर कधी येतो त्याच जातीच्या यीस्टचा तो थर असतो. तो काढून खालचे चमचाभर खमीर स्वच्छ बरणीत घेऊन वाढवावे. मात्र पापुद्रा आणि बुरशी यांत गल्लत होऊ देऊ नये. बुरशी लवदार, कापसासारखी असते आणि तिचा रंग हिरवा, निळा, काळा किंवा पांढरा असू शकतो. ती दिसली की सगळे टाकावे. वरचा थर खरवडून खालचे वाचवू नये, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच खोल गेलेले असतात आणि तिची काही विषे भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाहीत. गुलाबी किंवा नारिंगी छटा, रेघ वा ठिपका दिसला तरी हाच न्याय, आणि येथे हळहळ करू नये. तो अनिष्ट जिवाणूंनी जम बसवल्याचा इशारा असतो. बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती असेल तर शंकेचा फायदा खमिराला देऊ नये.

ही दोन कारणे वगळता खमीर सहजासहजी मरत नाही. फ्रिजमध्ये चार अंशांना त्याचे काम जवळजवळ थांबते. आठवड्यातून एकदा खाऊ घातले तरी ते पुरते, आणि महिना-दीड महिना विसरले गेलेले खमीरही पाणी ओतून, तळातला एक चमचा घेऊन, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पीठ दिले की बहुधा उठून बसते. फ्रिजमधून काढल्या काढल्या त्याची परीक्षा घेऊ नये. झोपेतून उठवलेल्या माणसाला धावायला सांगण्यासारखे ते आहे. किमान दोन खेपा खाऊ घालून मग रबरबँड लावावा.

तरीही दुसरी प्रत ठेवावी. सान फ्रान्सिस्कोत १८४९ मध्ये सुरू झालेली बुदँ बेकरी अशी कथा सांगते की १९०६ च्या भूकंपात लुईझ बुदँ यांनी बादलीत भरून खमीर वाचवले. बेल्जियममधील सेंट विथ येथे २०१३ मध्ये तर खमिरांचे ग्रंथालयच उभे राहिले, जगभरातली शंभराहून अधिक खमिरे तेथे शीतकपाटात जपलेली आहेत. घरच्या घरी एवढा खटाटोप नको. ऐन शिखरावरचे खमीर बटर पेपरवर पातळ पसरावे, उन्हात न ठेवता पंख्याखाली एक-दोन दिवसांत कडकडीत वाळवावे, चुरा करून हवाबंद डबीत भरावे. कित्येक महिन्यांनंतरही त्याचा चमचाभर चुरा पाण्यात भिजवून पीठ दिले की तीन-चार दिवसांत ते पुन्हा चालू लागते. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. वाळण्याआधीच बुरशी धरते.

एवढे करूनही मनात किंतु उरलाच तर मोठा पाव पणाला लावू नये. १०० ग्रॅम मैदा, ६५ ग्रॅम पाणी, शिखरावरचे २० ग्रॅम खमीर आणि २ ग्रॅम मीठ यांचा एक लहानसा गोळा करून तो दीडपट-पावणेदोनपट होईपर्यंत ठेवावा, पुन्हा वळून तासभर राहू द्यावा, खूप तापलेल्या ओव्हनमध्ये भाजावा आणि पूर्ण गार झाल्यावर मधोमध कापावा. आत सर्वत्र लहान-मोठी जाळी असेल तर खमीर कामाचे आहे. वरच्या सालीखाली एक-दोन मोठी भोके आणि त्यांखाली दाट, ओलसर गठ्ठा असेल तर यीस्ट अजून दुबळे आहे किंवा घाई झाली. आणखी आठवडाभर रोज खाऊ घालावे. पाव पसरट, फिक्कट सालीचा आणि जिभेला झोंबणारा निघाला तर आम्लाने यीस्टवर मात केली आहे, साखरही संपवली आहे. एकास पाच-पाचवर यावे. दर खेपेला काढून टाकावे लागणारे जास्तीचे खमीर वाया घालवायचे कारण नाही. निकोप बरणीतले असेल तर त्यात थोडे बेसन, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी घालावीत. ती इतकी जाळीदार होतात की आमच्या घरी पावापेक्षा त्यांचीच विचारणा अधिक होते.